पान नको, वेलीचं पेर बघा

वाचकाचं पत्र: दोन वर्षांपूर्वी मावशीने तिच्या वेलीचा एक तुकडा दिला होता. अर्धं पान पांढरं, अर्धं हिरवं. सिंगोनियम आहे म्हणाली होती. मावशी मागच्या वर्षी गेली. आता वेलीला तीन फुटवे आहेत. सगळ्यात लांब फुटव्याची गेली सात-आठ पानं पूर्ण हिरवी आली. पांढरा रंग परत यावा म्हणून मी कुंडी दुपारच्या उन्हाच्या खिडकीत ठेवली, तर पांढरे भाग करपून तपकिरी झाले. दुसऱ्या फुटव्याला सलग तीन पानं दुधासारखी पांढरी आली आहेत, तो घरात सगळ्यांचा लाडका आहे. तिसरा अर्धाअर्धा आहे, पण त्याची पानं लहान होत चालली आहेत. रोज अर्धा पेला पाणी घालते, चांगली मोठी कुंडीही दिली. सगळे म्हणतात छाट, पण मावशीच्या वेलीला कात्री लावायला हात धजत नाही. काय करू?

प्रिय ताई,

कात्री लावा. आणि दोन ठिकाणी लावा: हिरव्या फुटव्याला, आणि त्या लाडक्या पांढऱ्या फुटव्यालाही. हात का धजत नाही ते कळतं मला. गेलेल्या माणसाच्या हातचं काही असलं की त्याला साधा ओरखडाही पडलेला सोसत नाही. पण मावशींनी तुम्हाला जे दिलं ते कापूनच दिलं होतं ना? त्या दिवशी त्यांनी कात्री हातात घेतली नसती, तर आज तुमच्याकडे ही वेल नसती.

आता पांढऱ्या रंगाचं बोलू, कारण घोळ तिथेच आहे. आपण म्हणतो, पानावर पांढरा रंग आला. खरं तर तिथे काहीच आलेलं नसतं. त्या जागी हरितद्रव्य नसतं, म्हणून ती पांढरी दिसते. पानाच्या हिरव्या पेशी उजेडाच्या जोरावर पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांपासून साखर बनवतात. पांढऱ्या पेशींना ते जमत नाही. शेजारच्या हिरव्या पेशी जे कमावतात त्यावर त्यांचं पोट चालतं. तुमच्या वेलीचं अर्धं पान कमावतं आहे आणि अर्धं नुसतं खातं आहे. तरी ती दोन वर्षं जगली, वाढली, फुटवे काढले, म्हणजे तुमच्या हातून फार काही बिघडलेलं नाही, हे आधी लक्षात घ्या.

मग एकाच वेलीवर हिरवं, पांढरं आणि अर्धंअर्धं असं तीन तऱ्हेचं का येतं? वेलीच्या शेंड्याला टाचणीच्या डोक्याहूनही लहान असा वाढता भाग असतो. पुढचं सगळं खोड, सगळी पानं तिथूनच घडतात. तुमच्या वेलीच्या या शेंड्यात पेशींचे दोन वंश शेजारीशेजारी नांदतात, एक हिरवा होणारा, एक पांढराच राहणारा. वनस्पतिशास्त्रात अशा झाडाला कायमेरा म्हणतात. ग्रीक पुराणात पुढून सिंह, मधे बकरी आणि मागे साप असलेला एक प्राणी आहे, त्याचं हे नाव. शेंड्याच्या ज्या बाजूला हिरवा वंश, तिथून खोडावर हिरवा पट्टा उतरतो. जिथे पांढरा, तिथून पांढरा पट्टा. पान ज्या पट्ट्यावर उगवेल तो रंग घेऊन येतं, आणि दोन्ही पट्टे जिथे भिडतात तिथे उगवलं तर अर्धंअर्धं येतं.

म्हणून माझं सांगणं असं की पानं बघणं थोडे दिवस सोडा. कुंडी उजेडात घ्या आणि खोड बघा. पान जिथे वेलीला चिकटलेलं असतं तो फुगीर सांधा, तेच पेर. सिंगोनियममध्ये पानाच्या देठाचं बूड पेराला म्यानासारखं लपेटून असतं. जुन्या पानांचं ते आवरण वाळून कागदासारखं होतं, ते नखाने हळूच सोलून काढा. आत, पानाच्या बगलेत, तांदळाच्या कणीएवढा एक टोकदार उंचवटा दिसेल. तो डोळा. वरचा शेंडा कापला की याच डोळ्यातून नवा फुटवा येतो. त्या डोळ्याखालच्या सालीवर कोणता रंग आहे, यावरून पुढचा फुटवा कसा येणार याचा बराच अंदाज लागतो. डोळ्याखाली निव्वळ हिरवी साल असली की हिरवा फुटवा, निव्वळ पांढरी असली की पांढरा. बारीक रेघांची सरमिसळ असली तर आपल्याला हवा तो, मावशींच्या वेलीसारखा.

हे कळलं की दुपारच्या उन्हाचा उपयोग का झाला नाही तेही कळेल. हिरव्या फुटव्याच्या शेंड्यात पांढरा वंशच उरलेला नाही. जो वंश तिथे नाही तो उजेडाने कसा येणार? तो फुटवा आता हिरवाच वाढत राहील आणि दणकून वाढेल, कारण त्याचं प्रत्येक पान पूर्णवेळ कमावतं आहे. दोन-तीन महिन्यांत तो बाकीच्या दोघांवर सावली धरेल आणि कुंडीतली जागा मुळांनी व्यापेल. तिसऱ्या फुटव्याची पानं लहान होत चालली आहेत, त्यामागे मला हेही एक कारण दिसतं.

या हिरव्या फुटव्याचं खोड शेंड्याकडून खाली तपासत या. जिथे पांढऱ्या रेघा पुन्हा दिसू लागतात आणि त्यातली एखादी डोळ्याखालून जाते, त्या पेराच्या अर्धा इंच वर कापा. रेघ केसाएवढी असली तरी चालेल. अगदी बुडापर्यंत रेघ सापडली नाही तर तो फुटवा जिथून निघाला तिथूनच काढा. कापलेला भाग मात्र टाकू नका. तो धडधाकट आहे, वेगळ्या कुंडीत उत्तम वाढेल. तोही मावशींच्याच वेलीचा भाग आहे, नुसता रंग वेगळा निघाला.

आता पांढरा फुटवा. इथे मला थोडं कठोर व्हावं लागणार आहे. माझ्याकडच्या सिंगोनियमलाही अशीच सलग चार पानं निव्वळ पांढरी आली होती. इतकी सुंदर की मेणाची वाटावीत. मी त्याच्याकडे बघत बसले आणि कापायचं लांबवलं. पाचवं पान अर्धवट उलगडून थांबलं, मग सगळ्यात जुन्या पांढऱ्या पानाच्या कडा पारदर्शक होऊन तपकिरी पडल्या, आणि महिन्याभरात तो फुटवा शेंड्यापासून मागे वाळत आला. तोवर खालची दोन हिरवी-पांढरी पानंही पिवळी पडून गळाली होती. चार बिनकमावत्या पानांना पोसायचा भार त्या दोघांवर होता. शेवटी हाताशी एकच पेर राहिलं. त्यातून वेल पुन्हा उभी राहिली, पण वर्ष गेलं.

तुमच्याकडे तीन पांढरी पानं झाली आहेत. चौथ्याची वाट बघू नका. वरून खाली येताना ज्या पानात थोडंसं का होईना हिरवं आहे आणि ज्याच्या डोळ्याखाली दोन्ही रंग आहेत, त्याच्या वर कापा. तो पांढरा शेंडा पाण्याच्या बाटलीत सजवून ठेवा, काही आठवडे छान दिसेल. कधीकधी अशा तुकड्याला खोडातल्या साठ्यावर मुळंही फुटतात आणि आशा लागते. पण स्वतःची कमाई नसल्याने तो पुढे तगत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

आणि तिसरा फुटवा, ज्याच्याकडे घरात कुणाचं लक्ष नाही, तोच खरा ठेवा आहे. त्याला आत्ता कापू नका. बाकीचे दोन छोटे झाले की मुळांचा जोर त्याला मिळेल.

कापण्याचं तंत्र सोपं आहे. वेल वाढीला लागलेली असते त्या उबदार दिवसांत कापा, थंडीने वाढ थबकलेली असताना नको. पातं धारदार हवं, बोथट कात्रीने खोड चेपतं आणि चेपलेल्या जागी कुजायला सुरुवात होते. पातं स्पिरिटने पुसून घ्या. कापल्यावर पांढरा चीक येईल, तो ओल्या फडक्याने टिपा आणि हात साबणाने धुवा. सिंगोनियम अळूच्याच कुळातलं आहे. अळूने घसा खाजतो तो ज्या सुईसारख्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांमुळे, तेच इथेही असतात. घरात रांगतं मूल असेल किंवा पानं चावणारं मांजर-कुत्रं असेल, तर कुंडी त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशा उंचीवर हलवा. चीक स्वतःच्या डोळ्यांत जाऊ देऊ नका.

लावायच्या तुकड्याला निदान एक पेर, एक पान आणि जमल्यास पेरातून निघालेलं एखादं हवाई मूळ असावं. पेर पाण्यात, पान पाण्याबाहेर. पाणी तीन-चार दिवसांनी बदला. साधारण २ ते ४ आठवड्यांत मुळं दिसतात, ती दोनेक इंच झाली की मातीत लावा. पाण्यात फार महिने ठेवलं की मुळांना पाण्याची सवय होते आणि मातीत रुळायला वेळ लागतो. आणखी एक करा. तिसरा फुटवा चांगला सावरला, त्याला पाच-सहा पानं झाली, की त्याचाही एक तुकडा लावून दुसरी कुंडी तयार ठेवा. आठवणीची वेल एकाच कुंडीत असणं मला धोक्याचं वाटतं.

उजेडाबद्दल सविस्तर लिहिते, कारण घरातल्या वेली बहुतेक उजेडाच्या अंदाजात चुकल्यामुळे जातात. आपले डोळे फार जुळवून घेतात. अंधुक खोलीत गेलो की बाहुली मोठी होते आणि आपल्याला वाटतं, इथे उजेड ठीक आहे. उघड्यावर भर दुपारी सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. खिडकीलगतच्या सावलीत तो एक-दोन हजारांवर येतो आणि खोलीच्या आतल्या कोपऱ्यात शे-दोनशेवर. आपल्याला हा फरक जाणवतच नाही, वेलीला मात्र तो उपासमारीइतका जाणवतो. पूर्ण हिरवी वेल कोपऱ्यात तग धरते. अर्धं पान पांढरं असलेलीला मुळात निम्मीच कमाई, तिला हिरव्या वेलीपेक्षा जास्त उजेड हवा. आणि गोम अशी की तिला कडक ऊन सोसत नाही, कारण पांढऱ्या भागाला उन्हापासून सावरायची ताकद कमी असते. उजेड भरपूर आणि ऊन मऊ, ही तिची गरज.

हे जमलंय का ते बघायची एक युक्ती आहे. दुपारी कुंडीच्या जागी कोरा कागद ठेवा आणि त्याच्या वर हातभर अंतरावर पंजा धरा. सावली काळीकुट्ट, बोटाबोटांच्या कडा रेखीव दिसल्या तर ती जागा कडक आहे, पातळ पांढरा पडदा लावा किंवा कुंडी दोन-तीन फूट आत घ्या. पंजा ओळखू येतो पण कडा मऊ आहेत, ही जागा उत्तम. सावली जेमतेम कळते, तर तिथे ही वेल ठेवू नका. पूर्वेच्या खिडकीतलं सकाळचं कोवळं ऊन तिला मानवतं. घरात चांगली खिडकीच नसेल तर पांढऱ्या उजेडाचा एलईडी दिवा फूट-दीड फुटावरून रोज १२ तास लावा, वेल त्यावरही छान वाढते. मात्र जागा बदलायची ती दहा-पंधरा दिवसांत थोडी थोडी. तुमची पानं करपली त्याचं मोठं कारण ऊन एका दिवसात बदललं, हे आहे.

करपलेला भाग पुन्हा पांढरा होणार नाही. वाईट दिसत असेल तर तपकिरी भाग कापा, पण तपकिरी रंगाची सुतासारखी कड मागे ठेवा. जिवंत भागात कात्री गेली की नवी जखम होते आणि तिथून पुन्हा तपकिरी सरकत येतं. ज्या पानात अजून हिरवं आहे ते पान काढू नका, कसंही दिसलं तरी ते कमावतं आहे.

पाणी. रोज अर्धा पेला ही सवय आजपासून थांबवा. वेलीला गरज असो नसो, माती कायम ओली राहते आणि मुळांना हवा मिळत नाही. त्यात तुम्ही कुंडी मोठी दिलीत. मुळं पोचलेलीच नाहीत अशी माती पाणी धरून बसते, ते प्यायला कुणी नसतं. शिवाय अर्धी पांढरी वेल हिरवीपेक्षा सावकाश वाढते आणि पाणीही कमी ओढते. मातीत बोट खुपसा, बोटाची दोन पेरं कोरडी लागली तरच पाणी घाला. घालाल तेव्हा मात्र भरपूर घाला, खालच्या भोकातून वाहून जाईपर्यंत, आणि बशीत साठलेलं ओतून टाका. काही आठवड्यांनी कुंडी नुसती उचलून वजनावरून कळायला लागेल.

एकदा वेल कुंडीतून काढून मुळं बघाच. निरोगी मुळं पांढरी किंवा फिकट पिवळसर आणि घट्ट असतात. काळपट, बोटाने ओढली की साल निघून आत दोरा राहतो, कुबट वास येतो, ती कुजलेली. तेवढी कापून टाका, आणि मुळांच्या पसाऱ्यापेक्षा इंच-दीड इंचच मोठ्या कुंडीत लावा. भरणीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट (पांढरे हलके खडे) आणि झाडाच्या सालीचे तुकडे साधारण सारखे घ्या आणि मूठ-दोन मूठ गांडूळखत मिसळा. मुठीत दाबून सोडल्यावर गोळा फुटला पाहिजे. नुसती बागेतली माती कुंडीत दगडासारखी बसते, ती वापरू नका. मुळं फार कुजलेली निघाली, तर छाटणी आणि कुंडी बदलणं एकाच दिवशी उरका आणि मग महिनाभर वेलीला हात लावू नका.

खताचं थोडक्यात सांगते. नवं पान उलगडायला लागेपर्यंत खत नको. त्यानंतर महिन्यातून एकदा, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मं. मातीवर पांढरा थर दिसायला लागला की खताचे क्षार साठताहेत असं समजा आणि भरपूर पाण्याने माती धुऊन काढा. क्षार वाढले की पांढऱ्या कडाच आधी तपकिरी होतात आणि आपण दोष हवेला देतो.

तिसऱ्या फुटव्याची पानं लहान होण्यामागे आणखी एक कारण आहे. तो बहुतेक लोंबतो आहे, त्याला आधार नाही. या वेली जंगलात झाडाच्या बुंध्याला हवाई मुळांनी धरून वर चढतात, आणि चढताना पानं मोठी होत जातात. लोंबत्या फांदीची पेरं लांब होतात आणि पानं बारीक. मनी प्लांट बघा: कुंडीत त्याचं पान तळहाताएवढं असतं, आणि मोठ्या झाडावर चढला की तेच पान हातभर होऊन फाटायला लागतं. सिंगोनियमचं बाणासारखं पान तर चढल्यावर अनेक बोटांच्या पंज्यासारखं होतं, वेगळीच वेल वाटावी इतकं. तेव्हा शेवाळ भरलेला मॉस पोल किंवा खरबरीत सालीची फळी द्या. खोडाच्या ज्या बाजूने हवाई मुळं निघतात ती बाजू खांबाला लावा आणि सैल दोरीने खोड बांधा, देठ बांधू नका. देठ मोकळा असला की पान उजेडाकडे वळू शकतं. खांब मागे आणि पानांचं तोंड खिडकीकडे, अशी मांडणी करा. शेवाळ ओलसर ठेवलं तरच मुळं त्यात शिरतात, म्हणून पाणी घालताना थोडं खांबाच्या डोक्यावरूनही ओता.

कोरड्या हवेत पानांच्या पाठीवर कोळी नावाची बारीक कीड होते, बारीक जाळी आणि धुळीसारखे ठिपके दिसतात. देठाच्या बगलेत कापसासारखा पिठ्या ढेकूण बसतो. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पानं दोन्ही बाजूंनी पुसलीत तर बहुतेक कीड वेळीच सापडते. निंबोळी तेल फवारायचं झालं तर आधी एकाच पानावर मारून दोन दिवस थांबा, पांढरा भाग तेलानेही करपतो.

ज्यांच्याकडे दुसऱ्या दुरंगी वेली आहेत त्यांच्यासाठी एक सांगून ठेवते. मॉन्स्टेरा अल्बोला हाच पेर आणि डोळ्याचा हिशेब लागू पडतो, मार्बल क्वीन मनी प्लांट छाटतानाही खोडावरचे पट्टे बघूनच कापा. पण थाई कॉन्स्टेलेशन ही मॉन्स्टेरा ऊतीसंवर्धनातून, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या सूक्ष्म तुकड्यापासून वाढवलेली असते, तिचे ठिपके सहसा हटत नाहीत. आणि सिंडॅप्सस पिक्टसच्या पानावरची चांदी वेगळीच: तिथे पानाच्या सालीखाली हवेचे कप्पे असतात, त्यांवर उजेड पडून ती चकाकते. तिथे पट्टे शोधून छाटण्यात अर्थ नाही.

ताई, कापल्यावर पहिले दोन-तीन आठवडे काहीच घडताना दिसणार नाही. त्या दिवसांत पाणी वाढवू नका, जागा बदलू नका. मग डोळा फुगेल, हिरवट टोक बाहेर येईल. पहिलं पान छोटं आणि वेडंवाकडं असू शकतं, त्यावरून काही ठरवू नका. तिसरं पान आलं की नव्या खोडावर दोन्ही रंगांच्या रेघा आहेत का ते बघा. नसतील, तर एक पेर खाली येऊन पुन्हा कापा. तेव्हाही धीर झाला नाही तर मला फोटो पाठवा, पण पानाचा नको. वाळलेलं आवरण सोलून पेराचा पाठवा, डोळा दिसेल असा.